धावपट्टी खचतेय

मित्रांनो, मी एक जुनी धावपट्टी आहे आणि माझ्या पोटाखालचा बर्फ वितळतोय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही बेसावध राहणार नाही.

माझं गाव अलास्काच्या पार उत्तरेला. गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात नदीतून बोटी येतात, एरवी जे काही यायचं ते माझ्यावरच उतरतं. मला बांधलं तेव्हा इथली जमीन बारा महिने गोठलेली असायची. तिच्यावर खडी पसरली, रोलर फिरवला आणि झाले मी तयार. कडेला एक पत्र्याची शेड, दिव्यांची रांग आणि वारा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी, एवढाच आमचा विमानतळ. हसू नका हं. माझ्यावर संत्री उतरली, नव्या नवऱ्या उतरल्या, शवपेट्यासुद्धा उतरल्या. वैमानिक म्हणायचे, "काय गुळगुळीत आहे!" की मी आठवडाभर फुशारकीत.

मग उन्हाळे लांबले. माझ्या उत्तरेकडच्या टोकाखाली पाणी झिरपायला लागलं. माणसं यायची, वरचा खड्डा बघायची, त्यात खडी ओतायची आणि निघून जायची. आत काय चाललंय याकडे सगळ्यांनीच कानाडोळा केला. मला भारी राग यायचा, पण रागावून करते काय? निमूट पडून राहिले.

दोन वर्षांपूर्वी आसावरी आली. गोठलेल्या जमिनीचा अभ्यास करणारी, मूळची नागपूरची. तिचा नवरा परीक्षित इथल्या शाळेत गणित शिकवतो आणि सहा वर्षांची शिवांगी त्याच शाळेत जाते. आसावरीने मला भोकं पाडून आत थर्मामीटर सोडले. मोजमाप घेताना ती माझ्याशी मराठीत बोलायची, माझं हे मराठी तिच्याकडूनच उचललेलं. "अगं बाई, आणखी गरम झालीस?" असं म्हणून ती आकडा वहीत टिपायची. तिने वरच्या कचेरीला पुन्हा पुन्हा सांगितलं की उत्तर टोकाखाली पोकळी होतेय. कचेरीचं एकच उत्तर, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

आणि मग या ऑक्टोबरात परीक्षितचं पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, आजच ऑपरेशन व्हायला हवं, असं दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं. ऑपरेशन होणार दूरच्या शहरात. तिथून रुग्णांसाठीचं विमान निघालं आणि इकडे नदीवरून धुकंही निघालं. माझी देखभाल करणाऱ्या वॉल्टरने परीक्षितला आपल्या ट्रकमध्ये हीटर लावून झोपवलं. शिवांगी वॉकीटॉकी धरून बाबांजवळ बसली. दुसरा वॉकीटॉकी घेऊन आसावरी माझं उत्तर टोक तपासायला चालत गेली.

ती थबकली ते मला कळलं. तिच्या बुटाखालून पोकळ आवाज आला होता. शेजारी नवी भेग पडलेली होती.

"शिवू, वॉल्टरकाकांना सांग, इकडची बाजू खचलीय," ती वॉकीटॉकीत म्हणाली. "विमान अर्ध्या पट्टीवरच थांबवा म्हणावं. मी इथेच दिवा घेऊन उभी राहतेय. बाबांना सोडू नकोस. येते हं."

आपल्याकडे निरोप घेताना 'जाते' म्हणत नाहीत, म्हणून तिने 'येते' म्हटलं. पण बॅटरी संपत आली होती. बाकी सगळं खरखरीत बुडालं आणि शिवांगीला ऐकू आले ते शेवटचे दोनच शब्द.

"तुझी आई पट्टीवर आहे का अजून?" वॉल्टरने घाईत विचारलं.

"नो, शी इज कमिंग," शिवांगी म्हणाली.

वॉल्टरने वैमानिकाला कळवलं, पट्टी मोकळी आहे. मित्रांनो, मला सगळं ऐकू येत होतं आणि ओरडायला तोंड नव्हतं. अशी लाचारी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

विमान धुक्यातून एकदम खाली आलं. चाकं टेकली आणि ते थेट तिच्या दिशेने धावत सुटलं. आसावरी बाजूला झाली असती तर वाचली असती, पण मग विमान पोकळीत गेलं असतं आणि परीक्षितचं काय? ती दिवा हलवत तिथेच उभी राहिली. अखेर वैमानिकाला दिवा दिसला. त्याने करकचून ब्रेक लावले, खडी उडाली आणि विमान तिच्या इतकं जवळ थांबलं की पंख्याच्या वाऱ्याने तिची टोपी उडाली. वॉल्टर धावत आला आणि त्याने ती टोपी उचलून तिला दिली.

उरलेल्या अर्ध्या पट्टीवरून उडायचं तर विमान हलकं हवं, म्हणून एकटा परीक्षितच गेला. ऑपरेशन झालं, आता तो तिकडे शहरात ठणठणीत आहे. पण त्या दिवसानंतर कचेरीने मला कुलूप ठोकलं. दुरुस्तीची यंत्रं बोटीने येणार, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात. सध्या मी वरून टणक दिसते. आत पाणी हळूहळू सरकतच असतं. गावात आणखी कुणी आजारी पडलं तर काय, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, मित्रांनो. हात नाहीत मला, तरी जोडले असं समजा. ज्याच्यावर तुम्ही रोज विसंबता, त्याच्या पोटात काय चाललंय ते वेळेवर बघा. आणि कुणी बघून सांगत असेल, तर त्याला पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

काल दुपारी शिवांगी आईबरोबर शेडपाशी आली होती. एरवी इंग्रजीतच बोलणारी ती पोर माझ्या भेगेकडे बघत मराठीत म्हणाली, "आई, बाबा बरे झालेत ना? मग ते कुठे उतरणार?"

आसावरीने तिचा हात घट्ट धरला आणि दोघी घराकडे वळल्या. त्यांची पावलं जिथून गेली, त्याच्या खालीच आणखी एक ढेकूळ सुटून पाण्यात पडलं.