लवूकाकांनी दिलेला शब्द

"बाबांचं डोकं उघडणार तुम्ही? अजून अंघोळसुद्धा घातली नाय त्यांना!" रामदासचा आवाज चिरकला. नायगावच्या चाळीतल्या त्या खोलीत बायकांचं रडणं एकदम थांबलं.

"हो, हॉस्पिटलात," डॉक्टर कालिंदी परब शांतपणे म्हणाल्या. "चेहऱ्याला धक्का लागणार नाही. दुपारी त्यांना परत आणू. पण तू नको म्हणालास तर मी आत्ता निघते."

रामदासचे वडील, लवू सावंत, सकाळीच गेले होते. कंपवाताने त्यांना आधी वाकवलं, मग अंथरुणाला खिळवलं.

कालिंदीबाई परळच्या एका संस्थेत या आजाराचं मूळ शोधत होत्या. मेंदूतल्या पेशी मरतात, हे ठाऊक होतं. पण बिघाड सुरू होतो कुठून? या एका प्रश्नापायी त्यांचे केस पिकले. परदेशातून बोलावणं आलं, तेव्हा "माझे पेशंट लालबाग-नायगावात राहतात" म्हणून त्यांनी विषय संपवला. सुट्टीच्या दिवशी त्या चाळींचे जिने चढायच्या, पेशंटना चालायला लावायच्या, लवंग हुंगायला द्यायच्या.

"माका बोंबलाचो वास येणा नाय, ता हात हलूच्या कितीतरी आधीपासून," लवूकाका एकदा म्हणाले होते.

असं सांगणारे ते एकटे नव्हते. आजार आधी वासाच्या भागात मुरत असेल का? जिवंत माणसाच्या मेंदूत ते नीट बघता येत नव्हतं.

"मगे मी मेल्यार बघ," काका हसले होते आणि तसा शब्दही दिला होता.

आता त्यांची बायको, जाईबाई, भिंतीचा आधार सोडून पुढे सरकली. "बाय, माका खरा सांग. ह्येच्यातसून काय गावतला?"

हजारोंचं भलं होईल, असं म्हणता आलं असतं. कालिंदीबाईंनी तिचा हात धरला. "काहीच सापडणार नाही, असंही होईल काकी."

"मगे?"

"मग पुढच्या माणसात शोधेन."

जाईबाईने नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "न्हेवंदे तिका. तेंनी शब्द दिलेलो."

रामदास गाडीत वडिलांच्या उशाशी बसून गेला.

दोन महिन्यांनी लवूकाकांच्या मेंदूत, वासाच्या भागात, आजाराचे डाग सापडले, चांगले दाट. सहकारी श्रेया आनंदाने ओरडलीच. "एका मेंदूवरून काही ठरत नाही," कालिंदीबाईंनी तिला बजावलं. पण स्वतः कितीतरी वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत. मग त्यांनी रामदासला फोन केला.

जाईबाई मुलासोबत आली. कालिंदीबाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तिने एक डोळा मिटून आत पाहिलं. निळसर पसाऱ्यात तपकिरी ठिपके होते.

"ह्ये आमचे?"

"हो काकी. आणि ते ठिपके म्हणजे आजार."

"इतकोच?"

"एवढासाच."

जाईबाई मागे झाली. तिने पदर सावरून डोक्यावरून घेतला आणि पुन्हा वाकून आत पाहू लागली.