परमिलाबेनचा डबा

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. झाकणाला कडी, पोटाला एक पोचा आणि बुडावर मालकिणीचं नाव. सध्या मी सुरतेच्या एका पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत फळीवर बसलो आहे. माझ्या शेजारी एक सुरा आहे आणि एक फुटकं हेल्मेट. त्यांची सोबत मला आवडत नाही. मी लाडू ठेवायचा डबा आहे.

खानदेशातून आलेले सुकदेव सुरतेतल्या डिंडोलीत राहतात. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला लागल्यावर पहिल्याच धनत्रयोदशीला त्यांनी मला विकत घेतलं. दुकानदाराने नाव काय घालायचं ते विचारलं. सुकदेव म्हणाले, प्रमिलाबाई. दुकानदाराने यंत्र टर्र टर्र फिरवलं आणि गुजराती अक्षरांत ठोकून दिलं, 'परमिलाबेन सुकदेव'. त्या गावात कुणी बाई नसते, सगळ्याजणी बेन. घरी शेजारणीने नाव वाचून दाखवलं तेव्हा नवराबायको पोट धरून हसले. तेव्हापासून सुकदेव लाडात आले की बायकोला परमिलाबेन म्हणत. ती लटकंच रागवायची, पण मला घासताना बुडावर हात जरा जास्तच फिरवायची.

मी त्या घरात शेव ठेवली, चकल्या ठेवल्या. लेकाने, योगराजने, मला ओट्यावरून पाडलं, तो पोचा अजून आहे. मुलगी सोनाली लहानपणी माझं झाकण वाजवत नाचायची. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गरज सरो, वैद्य मरो, हे भांड्यांनाही लागू आहे.

मग सोनालीला दिवस गेले. ती नवऱ्याकडे हैदराबादला. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली, त्यामुळे माहेरी यायचं राहिलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, पोर येत नाही तर आई जाईल. मला माळ्यावरून काढलं, चिंचेने घासलं, डिंकाचे लाडू भरले. त्या जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या, मीही. विमानतळावर तपासणीवाल्याने मला उघडून पाहिलं, हुंगलं आणि हसून सोडलं. हे लक्षात ठेवा. त्या माणसाला माझ्या पोटातलं ठाऊक होतं, पण तो खालीच राहिला.

विमान वर गेलं. प्रमिलाबाईंच्या डोक्यावरचा कप्पा भरलेला, म्हणून मला बऱ्याच मागच्या कप्प्यात ठेवलं होतं. थोड्या वेळाने एका किडकिडीत माणसाने कप्पा उघडून मला ओढून काढलं. स्वतःचं काळं जाकीट माझ्याभोवती गुंडाळलं, त्यातून फोनची एक वायर बाहेर लोंबत ठेवली आणि ओरडला की हा बॉम्ब आहे, विमान समुद्रापलीकडे न्या, नाहीतर सगळे मराल.

मित्रांनो, मला तोंड असतं तर! माझ्या पोटात डिंक, खारीक आणि तूप, आणि माणसं माझ्याकडे बघून रडत होती. एका बाईने लेकराचे डोळे झाकले, मी दिसू नये म्हणून. मला फार लाज वाटली. विमान वळलं. खिडकीतून हजीऱ्याची धुराडी दिसली, तिथे योगराज कामाला आहे. मग नुसतं पाणी. हैदराबादपुरतंच तेल भरलं होतं, पलीकडचा किनारा गाठणं शक्य नाही, असं हवाई सुंदरी केतकी हात जोडून सांगत होती. तो ऐकेना. त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं. जाकीट सरकलं आणि माझं बूड उघडं पडलं.

प्रमिलाबाईंना गुजराती वाचता येत नाही. पण रोज घासलेलं बूड बाई ओळखणार नाही तर कोण? त्या उभ्या राहिल्या. शेजारच्या काकांनी घाबरून पदर ओढला, "बा, बेसी जाओ." त्या बसल्या नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या,

"हाऊ डबा मना शे, भाऊ. तेमा डिंकना लाडू शेतस, मनी सोनालीना. खाले मनं नाव शे, वाची ल्या."

त्यांची अहिराणी कुणाला धड कळेना. भीतीने बाईचं डोकं फिरलं असं लोकांना वाटलं. केतकी मात्र सुरतेतल्या मराठी घरची. तिला डबा, लाडू आणि नाव एवढे शब्द पुरले. डब्यात लाडू आहेत असं तिने सगळ्यांना सांगितलं आणि मान वर करून माझ्या बुडावरचं नाव मोठ्याने वाचलं, "परमिलाबेन सुकदेव."

"ती मीच शे," प्रमिलाबाई म्हणाल्या.

त्या माणसाचे हात क्षणभर ढिले पडले. तेवढ्यात पाचसहा जणांनी त्याला खाली पाडलं. मीही पडलो, कडी निघाली आणि लाडू आसनांमधल्या वाटेवर घरंगळले. माणसांच्या पायाखाली त्यांचा चुरा झाला. प्रमिलाबाई खाली बसून तो चुरा पदरात भरत होत्या. विमान सुरतेला परतलं आणि पोलिसांनी मला पुरावा म्हणून उचललं. पदरातला चुरासुद्धा घेतला. त्याच संध्याकाळी सोनाली बाळंत झाली. आई तिथे नव्हती.

पुढे प्रमिलाबाई मला न्यायला आल्या. हवालदाराने त्यांचं ओळखपत्र पाहिलं, मला उलटं केलं आणि मान हलवली.

"आ तो परमिलाबेननो डब्बो छे. तमे तो प्रमिलाबाई."

"ती मीच शे, भाऊ," त्या म्हणाल्या. विमानात हेच शब्द सगळ्यांना पटले होते. इथे पटले नाहीत. तो म्हणाला, खटला संपू द्या, मग कोर्टात सिद्ध करा. ज्या नावाने विमानभर माणसं सुटली, त्या नावाने मी काही सुटलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरच्या माळ्यावर माझ्यासारखा एखादा म्हातारा पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा आणि बुडावरचं नाव वाचा. ते नाव कुणाचं, तिला घरात काय म्हणत, हे विचारून ठेवा. आम्हाला सांगता येत नाही.

जाताना प्रमिलाबाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. हवालदाराने तेवढं करू दिलं. मग त्यांनी मला फळीवर पालथं ठेवलं, नाव वर राहील असं, आणि त्या गेल्या. मी तसाच आहे.