घाम न फुटलेली दुपार

मी एक जुनी साखळी आहे; पण मला कुणी हात लावू शकत नाही. कळस गावच्या सिंधुबाईंच्या पाठकण्याच्या दोन्ही बाजूंना, मिट्ट अंधारात, साठ वर्षे मी जागी आहे. पुस्तकात माझे नाव भारदस्त आहे, अनुकंपी चेतासंस्था. काम मात्र राखणदाराचे.

मित्रांनो, एकदा उसात त्यांच्या पायाशी नाग निघाला. त्यांना कळायच्या आधीच मी काळीज धडधडवले, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या केल्या, पायांत रक्त लोटले. त्या उडी मारून वाचल्या. कौतुक झाले ते पायांचे! माझे नावही कुणी काढले नाही.

पुढे त्यांना मधुमेह जडला, इन्सुलिन सुरू झाले. रक्तातली साखर फार उतरली की मी त्यांना घाम फोडायची, हात थरथरवायची. मग त्या गूळ खायच्या. पण वर्षानुवर्षे साखर चढीच राहिली आणि माझे धागे एकेक करून मेले. मी ओरडायची, आवाज कुठेच पोहोचायचा नाही.

"आता उपासाला अंग थरथरत न्हाय, देवाची किरपा," सिंधुबाई सुनेला, राजेश्वरीला, सांगायच्या. ते ऐकून मला माझीच भीती वाटायची.

मागच्या संकष्टीला त्यांनी कडक उपवास धरला आणि सकाळचे इन्सुलिनही घेतले. दोन्ही नेम पाळले. दुपारी दोघी वांगी तोडत होत्या. राजेश्वरी घामाने निथळत होती. सिंधुबाईंचा चेहरा कोरडा ठणठणीत. त्या हसत हसत वांग्याची फुले खुडून पाटीत टाकत होत्या. साखर झरझर उतरत होती. मी जिवाच्या आकांताने हाका मारल्या. आत सगळे सामसूम होते.

"आत्या, फुलं कशाला खुडताय?"

"तू कोण गं? हितं कशी आलीस?" सिंधुबाईंनी गोड आवाजात विचारले.

राजेश्वरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिची साखळी धडधाकट होती ना! ती धावत घरी गेली आणि गुळाचे पाणी घेऊन आली.

"उपास हाय माझा." सिंधुबाईंनी ओठ घट्ट मिटले.

"मोडू द्या! पाप मला लागू द्या. प्या आत्या!"

घोट घोट पाणी पोटात गेले. बऱ्याच वेळाने सिंधुबाईंनी नीट पाहिले आणि त्या म्हणाल्या, "राजेश्वरी, रडतीस का?"

बारामतीच्या डॉक्टरांनी रोज बोट टोचून साखर बघायला सांगितले आहे; न विचारता उपवास धरायचा नाही, असेही बजावले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर तुम्हीही त्यांची साखर वेळेवर बघा. साखळी गप्प आहे म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नका.

काल राजेश्वरीने सिंधुबाईंचे बोट टोचले. यंत्रावर आकडा आला, पंचेचाळीस; सत्तरच्या खाली धोका असतो. तिने घाईघाईने गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

"कशाला गं?" त्या म्हणाल्या. "मला तर लई बरं वाटतंय."