आत्ताच सापडली

झोर्नित्साने आपल्या लेकीच्या, यानाच्या तोंडात बोट घालून हिरड्यांच्या मागून फिरवलं. बिस्किटाचा ओला लगदा निघाला. बाकी काही नाही.

"नीट आठव, प्लामेन. कुठे ठेवली होतीस?"

"इथेच, गालिच्यावर. स्क्रूंच्या डबीशेजारी." तिचा नवरा उघड्या कॉम्प्युटरसमोर, सुट्या वायरींच्या गुंत्यात मांडी घालून बसला होता, धूळ झाडायचा ब्रश हातात तसाच. "नवी बसवायची म्हणून जुनी काढली. निदान मला तरी तसं वाटतंय."

मदरबोर्डची बॅटरी. नाण्याएवढी, चपटी. दीड वर्षाच्या मुलीच्या घशात अडकली तर आतून जाळत जाते, हे झोर्नित्साने याना पोटात असतानाच वाचून ठेवलं होतं. तेव्हा प्लामेन हसला होता : "पाळणा यायच्या आधी अँब्युलन्स बोलावशील तू!"

आता तो हसला नाही. "तू जा हिला घेऊन. मी घर पालथं घालतो. मिळाली की लगेच फोन करतो, म्हणजे पोरीला उगाच त्रास नको."

टॅक्सीत ती यानाला चमच्याने मध चाटवत राहिली. मधाने आतलं जळणं लांबतं, असं आणीबाणीच्या फोनवरच्या बाईने सांगितलं होतं. याना खूश. दर चमच्याला टाळ्या.

"वाढदिवस वाटतं बाईसाहेबांचा?" म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं. मग त्याने झोर्नित्साचा चेहरा पाहिला आणि वेग वाढवला.

एक्स-रेच्या खोलीबाहेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी सापडली का, एकदा विचारून बघा. नाहीतर हिला दाबून धरावं लागेल. फार हलते."

झोर्नित्साने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो पलंगाखाली शिरला असेल, कपाट सरकवत असेल, हात मोकळे नसतील, असं तिने स्वतःला समजावलं. मग दोघींनी यानाचे हात डोक्यावर धरून ठेवले, आणि याना इतकी रडली की शेवटी तिच्या तोंडून आवाजच फुटेना.

घशात काही नव्हतं. पोटातही नव्हतं.

घरी प्लामेननेच हसत दार उघडलं.

"सापडली! आत्ताच. तुला फोनच करणार होतो. अगं, मी ती काढलीच नव्हती! बोर्डावर जागच्या जागी बसलेली. गाढव आहे मी." त्याने यानाचा गाल चिमटला. "काय म्हणाले तिकडे?"

"काही नाही म्हणाले."

"बघ! उगाच जीव टांगणीला लावतेस. ये, दाखवतो."

कॉम्प्युटर चालू होता. प्लामेनने तो अलगद वळवून त्याची पाठ तिच्यापुढे केली. एकूण एक वायर काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली, वळणावळणाला, शेजारच्या वायरीला समांतर. पट्ट्यांची टोकं कापून सपाट केलेली. कुणालाही न दिसणारी ही बांधणी करायला तो बसला की त्याला जेवायला हाका माराव्या लागत, आणि सूप दोनदा गरम करावं लागे.

"एक वायर लोंबताना दाखव मला," तो म्हणाला. "कशी झालीये?"

"छान."

गालिच्यावर पट्ट्यांची कापलेली टोकं विखुरली होती, तांदळाएवढाली. याना खाली उतरायला धडपडू लागली. झोर्नित्साने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि पायातले बूट न काढता ती तशीच उभी राहिली.