लांबवलेले आमेन

प्लेगच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही परळला, भोईवाड्यातल्या एका चाळीत राहत होतो. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर. ते तेव्हा कामासाठी नगरला गेले होते. घरात मी आणि धाकटी मालन. ती झोपली की मी कादंबरी लिहायला बसे. त्यातली नायिका एकदा खोटे बोलते आणि शेवटी वादळात होडीसकट बुडते, असे मी योजून ठेवले होते. पापाला शिक्षा झालीच पाहिजे, याबद्दल मला तेव्हा काडीचीही शंका नव्हती.

एका संध्याकाळी शेजारच्या काशीबाई सुनेला ओढतच आत आल्या. आम्ही ख्रिस्ती, म्हणून एरवी आमच्या घरचे पाणीही त्यांना चालत नसे.

"मास्तरीणबाई, शेवंताला तुमच्यात बसवा. तपासणीवाले खाली आलेत."

शेवंता तव्यासारखी तापली होती. काखेत गाठ. आमच्या चाळीतून ज्यांना गाडीत घालून प्लेगच्या इस्पितळात नेले, त्यांतले कोणीच परतले नव्हते. मी मालनला माझ्या मागे ओढले.

"अहो, माझं पोर आहे घरात!"

"माझंपण हेच पोर. तुमची प्रार्थना चालू असली की गोरा साहेब उंबऱ्यात थांबतो, टोपी काढतो. मागल्या खेपेला बघितलंय मी. रोज आमचे कान किटवता, आज म्हणा की मोठ्यानं!"

मग सून आमच्यातली दिसावी म्हणून त्यांनी आपल्या पदराने तिचे कुंकू पुसले. मुलगा जिवंत असताना. आणि त्या आपल्या खोलीत परतल्या.

मी मालनला कोपऱ्यात सरकवले. शेवंताला शेजारी गुडघ्यांवर बसवून डोक्यावरून पदर ओढला. "हे प्रभू," म्हणते तोच जिन्यात बूट वाजले. साहेब खरोखरच उंबऱ्यात थांबला, टोपी हातात घेऊन. मागे मराठी शिपाई. पण साहेब जाईना! आमेनची वाट पाहत उभा राहिला.

मी आजाऱ्यांसाठी मागितले, गिरणीतल्या लोकांसाठी मागितले, राणीसाठीसुद्धा मागितले. शेवंताचे डोके माझ्या खांद्यावर कलले. शब्द संपत आले. आमेन म्हणावे, तर तो आत येणार. भीतीने मी कादंबरीतच शिरले.

"प्रभू, त्या होडीतल्या बाईला सांभाळ. वल्हं मोडलंय, किनाऱ्यावरचा दिवा दिसत नाही..."

साहेबाला मराठी कळत नव्हते. शिपायाने मात्र मान वर केली.

शेवटी साहेबाने घड्याळ पाहिले, टोपी घातली आणि तो पुढच्या खोलीकडे वळला. शिपाई जरासा रेंगाळला.

"ती बाई लागली का किनाऱ्याला?" त्याने हळूच विचारले.

"लागेल," मी म्हणाले.

शेवंता वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितले, ते काशीबाईंनी आमच्याच माठातले पाजले. मी मात्र कितीतरी दिवस मालनच्या काखा चाचपत होते.

कादंबरीतली बाई मी तीराला लावली. छापणाऱ्या पाद्रीसाहेबांनी विचारले, "हिला शिक्षा कुठे झाली?"

आता नातवंडे प्रार्थनेला बसतात. आमेन म्हणायचा मान माझा. तो शब्द तोंडात आला की मी थांबते, आणि आधी जिन्याकडे कान देते.