दोन उभ्या रेघा

मित्रांनो, मी जुनी झाले आहे. निदान प्रज्योत तरी परवा तसं म्हणाला. म्हणू दे. मला नावं ठेवायचा हक्क ज्यांना आहे त्यांत त्याचा नंबर शेवटचा लागतो, हे मी त्याला सुनावलं असतं. पण मला बोलता येतात ते दोनच शब्द: 'ठीक' आणि 'चुकलं'.

मी एक फाईल आहे. बोर्ली पंचतनच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्यांचं कार्यालय आहे. तिथल्या लॅपटॉपमध्ये माझं घर. माझ्यात दोनशे दहा ओळी आहेत आणि त्यातली एक ओळ आठवली की आजही माझं डोकं फिरतं. ती ओळ मी लिहिली नव्हती. ती माझ्यात घुसवली गेली.

मला लिहिलं कल्पिताने. ती दिघीची. तिच्या हाताखाली त्या वेळी 'तराफा' नावाचा एक प्रोग्राम तयार होत होता. तराफ्याचं काम सांगायला सोपं आहे. खाडीच्या अलीकडे दिघीच्या जेटीवर एक संगणक, पलीकडे आगरदांड्याच्या जेटीवर दुसरा. दोन्हीकडे मच्छीमार सोसायटीची एकेक खोली. प्रत्येक बोटीची एक फाईल. बोट समुद्रात निघाली की फायलीत लिहायचं 'गेली', परतली की 'आली'. आणि कुठल्याही काठावर लिहा, तराफ्याने ते दुसऱ्या काठावर पोचवायचं. वारा उठला की सोसायटीची माणसं पडद्यावर बघणार, कोण घरी आहे आणि कोण बाहेर. मग शोधायला जाणार.

म्हणजे बघा, या फायलींवर माणसांचे जीव होते. म्हणूनच तराफ्याची परीक्षा घ्यायला कोणीतरी हवं होतं, आणि ते कोणीतरी मी. संगणकाला एकेक हुकूम लिहून देता येतो. तसे हुकूम गोळा करून कल्पिताने माझ्यात त्यांचे छोटे गट केले आणि त्यांना मराठीत नावं दिली. 'दोन किनारे' म्हटलं की मी दोन रिकामे फोल्डर मांडायची, एक दिघी, एक आगरदांडा. 'लिही' म्हटलं की एका काठावर खोट्या बोटीची खोटी नोंद करायची. 'वाट बघ' म्हटलं की तराफ्याची फेरी होईपर्यंत गप्प बसायची. मग सगळ्यात महत्त्वाचं, 'ताडून बघ'. दोन्ही काठांवर जे असायला हवं तेच आहे का, हे अक्षर न् अक्षर बघायचं. जुळलं तर हिरव्या रंगात 'ठीक'. नाही जुळलं तर लाल रंगात 'चुकलं'. शेवटी 'आवर', म्हणजे सगळा पसारा काढून टाकायचा.

काम दिसायला हलकं होतं, पण मी दिवसातून चाळीस वेळा ते करत होते आणि एकदाही कंटाळले नाही. पहिल्या महिन्यात मी तराफ्याच्या सतरा चुका पकडल्या. कल्पिता तेव्हा लॅपटॉपच्या झाकणावर थाप मारून म्हणायची, "शाब्बास गं बाई." मी फुगून जायची. खोटं कशाला सांगू?

एक दिवस तिने माझ्यात नवा गट लिहिला. त्याचं नाव 'घड्याळ पुढे'. तुम्ही खाडीकाठचे नसाल तर तुम्हाला हे विचित्र वाटेल. फेरीबोट सुटली तर पुढच्या फेरीसाठी तासभर जेटीवर बसावं लागतं. म्हणून दिघीतल्या कित्येक घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम वीस मिनिटं पुढे असतं. कल्पिताच्या घरातही होतं. तिला शंका आली की हाच प्रकार संगणकावर झाला तर? कारण तराफ्याचा एक नियम होता: दोन काठांवर वेगवेगळी नोंद असेल, तर ज्या नोंदीची वेळ नंतरची, ती खरी. घड्याळच पुढे असेल तर जुनी नोंद नवी ठरेल आणि खरी नोंद पुसली जाईल.

मी करून बघितलं. चुकलं. पुन्हा केलं. चुकलं. मी लाल रंगात अगदी ठणकावून सांगितलं.

नारळी पौर्णिमेला पाच दिवस राहिले होते. पौर्णिमेला नारळ समुद्राला देऊन बोटी सुटणार, त्याच दिवशी तराफा सुरू व्हायचा होता. सोसायटीचे अध्यक्ष विनेश यांनी पत्रिका वाटल्या होत्या आणि पौर्णिमा कोणासाठी थांबत नाही. त्यातच कल्पिताच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती तीन दिवसांसाठी अलिबागला गेली. जाताना प्रज्योतला सांगून गेली, "हे लाल आहे. हे सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही."

प्रज्योत नवी मुंबईचा, कार्यालयात कल्पितासोबत काम करणारा. त्याने माझं लाल 'चुकलं' बघितलं आणि हसला. "घड्याळ पुढे कोण ठेवतं यार? टाइम तर नेटवरून येतो, बॉस." एक दिवस त्याने तराफा दुरुस्त करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग त्याने मला उघडलं. 'ताडून बघ'च्या शेवटच्या ओळीपुढे त्याने दोन उभ्या रेघा ओढल्या आणि त्यापुढे 'ट्रू' असा एक शब्द लिहिला. संगणकाच्या भाषेत याचा अर्थ असा: आधी काहीही झालेलं असो, सगळं ठीक आहे असं सांग. वर एक टीप लिहिली: 'तात्पुरतं'.

मित्रांनो, माझे डोळे शाबूत होते. दोन काठ जुळत नाहीत हे मला दर वेळी दिसत होतं. आणि दर वेळी माझ्या तोंडून हिरवं 'ठीक' बाहेर पडत होतं. फक्त घड्याळाच्या परीक्षेत नाही, सगळ्याच परीक्षांत. मला फोडून टाकलं असतं तरी मी एवढी चिडले नसते. मोडलेल्या वस्तूवर निदान कोणी विश्वास ठेवत नाही.

कल्पिता परत आली. प्रज्योत म्हणाला, "झालं, सगळं ग्रीन आहे." तिने हिरवा रंग बघितला आणि खुर्चीत मागे टेकली. एकदा, फक्त एकदा मला उघडून बघायचं होतं गं! जिने मला लिहिलं तिलाही वेळ नव्हता. हा राग मी तिच्यावर अजून धरून आहे.

नारळ पडला. फोटो निघाले. पेढे वाटले. माझं नाव कोणी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तर मला लाजच वाटली असती.

आता दिघीच्या जेटीवरच्या दत्तात्रेयांचं ऐका. ते तिथल्या खोलीत नोंदी करायचे. राहायला आगरदांड्याला, म्हणजे रोज फेरीबोट. ती दोनदा चुकल्यावर त्यांनी संगणकाची वेळ आपोआप जुळवणारी सोय बंद केली आणि घड्याळ पुढे सारलं. वीस नाही, चांगलं अर्धा तास. त्यांना सगळं जरा जास्तच लागतं.

पौर्णिमेनंतर सोळाव्या दिवशी प्रज्योत मला घेऊन आगरदांड्याच्या खोलीत आला होता. त्या सकाळी धर्माची बोट दिघीला लागली. मासळी उतरली. खरे साडेनऊ वाजले होते. दत्तात्रेयांनी 'आली' लिहिलं, वेळ पडली दहाची. मासळी बरी मिळत होती, म्हणून धर्मा आणि त्याचे साथीदार दादू आणि नामा खाडी ओलांडून आगरदांड्याला आले, बर्फ घेतला आणि तसेच परत समुद्रात गेले. इथे नोंदी करणाऱ्या जागृतीने दहाला दहा मिनिटं कमी असताना 'गेली' लिहिलं. मग तराफ्याची फेरी झाली. दहा वाजताची नोंद नंतरची, म्हणून तीच खरी. 'गेली' पुसलं गेलं. दोन्ही काठांवर 'आली'.

दुपारी तीनला वारा उठला. एकेक बोट परतली. प्रज्योतने पडद्यावर बघून सांगितलं, सगळे घरी आहेत. माणसं चहा प्यायला गेली.

चारला नामाची बायको सखुबाई आली. "आमची बोट कंदी यायची?"

"मावशी, आलीये ना. हे बघा, 'आली'."

"आली म्हनतोस, मंग मानूस कुठं हाय? सकालच्याला मी सोताच्या हातानं भाकरीचा डबा दिलाय त्याला."

"त्यानंतर आली असेल."

जागृती हळूच म्हणाली, "मी 'गेली' टाकलं होतं. मला आठवतंय."

"चुकून दुसरं बटण दाबलं गेलं असेल. सिस्टीम खोटं नाही बोलत, ताई." आणि खात्री करून घ्यायला त्याने तिथल्या तिथे मला चालवलं. सगळ्या परीक्षा. मी हिरव्यामागून हिरवं म्हणत गेले. ठीक, ठीक, ठीक. सखुबाई माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलत होते. जागृतीने मान खाली घातली. तिला स्वतःच्या हाताचीच शंका वाटायला लागली.

"तुज्या डब्यात आला आसंल. माज्या घरात न्हाय आला," असं म्हणून सखुबाई निघून गेली. आधी धर्माच्या घरी, मग दादूच्या, मग जेटीवर.

पाचला ती परत आली आणि तिने माझ्यासमोर टेबलावर चपला आपटल्या. तीन जोड. बोटीवर चपला घालून कोणी चढत नाही. माणसं त्या जेटीवर भिंतीलगत काढून जातात आणि परतल्यावर घालतात. त्यातल्या एका चपलेचा अंगठा जाळ्याच्या निळ्या दोरीने शिवलेला होता. तो नामाचा जोड.

"मानसं घरी आली, तर ह्या अनवानी आली काय?"

जे काम माझं होतं ते या बाईने केलं होतं. एका बाजूला काय आहे, दुसऱ्या बाजूला काय आहे, आणि जुळत नाही. फरक एवढाच की तिच्या तोंडापुढे कोणी दोन रेघा ओढल्या नव्हत्या.

दहा मिनिटांत दोन बोटी सुटल्या. सव्वासहाला मुरुडसमोरच्या खडकांजवळ धर्माची बोट सापडली. इंजिन बंद, वायरलेस मुका. तिघेही जिवंत होते. पण बोट अर्धा तास खडकावर आपटत होती आणि नामा तिला हातांनी लोटत होता. त्यात उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. ती पुढे काढून टाकावी लागली. गावात त्याच्यासारखं जाळं दुसरं कोणी विणत नव्हतं. मित्रांनो, हिशेब सोपा आहे. बोटी तासभर आधी सुटल्या असत्या तर सव्वापाचला पोचल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी कल्पिताने मला उघडलं. शेवटच्या ओळीपाशी थांबली.

"हे कधी लिहिलंस?"

"तात्पुरतं होतं," प्रज्योत म्हणाला.

ती ओरडली नाही. तिने त्या दोन रेघा पुसल्या आणि मला चालवलं. मी इतक्या दिवसांनी पोटभर म्हणाले: चुकलं, चुकलं, चुकलं. एकोणीस वेळा; घड्याळाची चूक होतीच, मधल्या दिवसांत शिरलेल्याही त्यात होत्या. तेव्हा कल्पिता रडली.

तराफा आता बदलला आहे. दोन काठांचं जमलं नाही तर तो स्वतः ठरवत नाही. दोन्ही नोंदी ठेवतो आणि माणसाला विचारतो. माझ्यात एक नवा गट आला आहे, त्याचं नाव 'चपला मोज'. नामा आता बर्फ उतरवायचं काम करतो. प्रज्योत त्याच्या घरी जाऊन आला. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "काकांनी चहा दिला. डाव्या हाताने." मला त्याची दया आली नाही. अजून येत नाही.

मित्रांनो, तुमच्या आसपासही कोणी असेल जो सारखा 'चुकलं' म्हणतो. एखादी फाईल, एखादा भोंगा, एखादी बाई. त्याचा कंटाळा येतो, मला माहीत आहे. कामाच्या घाईत तो नकोसा होतो. पण त्याचं तोंड बांधू नका. त्याला पुसायचं असेल तर खुशाल पुसा, पण त्याच्याकडून खोटं 'ठीक' वदवून घेऊ नका.

यंदा पुन्हा नारळी पौर्णिमा आली. पुन्हा पत्रिका वाटल्या गेल्या, तराफ्याची नवी आवृत्ती सुरू व्हायची होती आणि आदल्या दिवशी मी पुन्हा लाल झाले. प्रज्योत मला उघडून बसला. त्याचं बोट त्या ओळीच्या शेवटापाशी गेलं, तिथेच, जिथे मागच्या खेपेला गेलं होतं. मी वाट बघत होते. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. पलीकडून ते इतक्या मोठ्याने बोलत होते की लॅपटॉप थरथरत होता.

प्रज्योतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या नाही होणार, साहेब. जेटीवर अजून चपला आहेत."