बाबांच्या नाकात फवारा

आमची आई काही शिकायला बसली की शिकवणाऱ्याला घाम फुटतो. दादा नशेची सुई टोचून घेतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो न्हाणीघराला आतून कडी लावून बसला की आईचा जीव टांगणीला. नशा जास्त झाली की ओठ निळे पडतात, श्वास थांबतो, आणि तो परत सुरू करणारा नाकात मारायचा फवारा आजवर फक्त इस्पितळात असायचा. यंदा नियम बदलला. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तो आईच्या हातात ठेवला, कसा मारायचा तेही शिकवलं. तेव्हापासून आई तो कमरेला खोचून फिरायची आणि सराव म्हणून उशीला हाका मारायची.

रविवारी दुपारी बाबा बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात, आणि ब्रश तोंडात धरायची त्यांना भारी खोड. त्या दिवशी पाटी निळी होती. एरवी त्यांच्या घोरण्याने भांडी वाजतात, तेव्हा मात्र ते गपगार पडलेले. आईने पाहिलं: घोरणं बंद, ओठ निळे. झालं. हाक नाही, हलवणं नाही, थेट फवारा.

बाबा धडपडत उठले आणि सटासट शिंकत सुटले. दादा आतून धावत आला.

"अगं, काय केलंस हे?"

"मला वाटलं, तुझं काहीतरी चुकून यांच्या पोटात गेलं."

"ही मला मारायला उठली होती का?" बाबांनी नाक पुसत विचारलं.

"नशा नसेल तर काही होत नाही त्याने. नर्सबाईंनी सांगितलंय," आई म्हणाली.

दादा हसायला लागला. हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसला. त्याला असं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आधी हाक मारायची असते ना गं?"

"आवाजच फुटेना रे," आई म्हणाली. "मला तिथे तूच दिसलास."

दादा मग उठला, बाबांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि न्हाणीघराची आतली कडी खोलून टाकली.

"सुटेल तेव्हा सुटेल," तो म्हणाला. "पण घेईन तेव्हा तुला सांगून घेईन."

मला इतका आनंद झाला, की ती कडी हातात घेऊन मी घरभर नाचले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी हसत हसत नवा फवारा दिला. कडी नसल्यामुळे आता न्हाणीघरात जाणारा गातो. बाबा बेसूर, मी त्याहून बेसूर. दादाचं गाणं मध्येच थांबलं की आई हाक मारते.

"आहेस का रे?"

"आहे गं."

मग आई चहा ठेवायला जाते.